ज्येष्ठांचे निवास आणि अग्निसुरक्षा : एक विचार

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात इमारतींच्या रचनेविषयी लेख कशासाठी, असा प्रश्न आमच्या काही हितचिंतकांना पडेल. त्याचे उत्तर साधे आहे. गुडघ्याची किंवा खुब्याची शस्त्रक्रिया झालेला, पक्षाघातातून सावरत असलेला, प्राणवायूच्या यंत्राचा आधार लागणारा रुग्ण आम्ही घरी पाठवतो, तेव्हा औषधांची यादी देतो, आहार सांगतो, व्यायाम शिकवतो. परंतु तो ज्या घरात जातो ते कितव्या मजल्यावर आहे, आणि मध्यरात्री त्या घरात धूर भरला तर तो बाहेर कसा पडेल, हे आपण सहसा विचारत नाही. उपचार पूर्ण झाले, पण रुग्ण सुरक्षित झाला का, हा प्रश्न तेथेच शिल्लक राहतो. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचा विचार करण्याचे योजिले आहे.

१६ ऑक्टोबर २०२४ रोजी सकाळी अंधेरी पश्चिमेच्या लोखंडवाला संकुलातील एका चौदा मजली इमारतीत दहाव्या मजल्यावरील सदनिकेला आग लागली. आग त्या सदनिकेबाहेर फारशी पसरली नाही. अग्निशामक दलाच्या भाषेत ती पहिल्या श्रेणीची, म्हणजे लहान आग होती. तरीही त्या घरातील वृद्ध पती-पत्नी आणि त्यांच्याकडे काम करणारी व्यक्ती, असे तिघेजण दगावले. इमारत वाचली, शेजारी वाचले; मात्र ज्यांना चटकन बाहेर पडणे कठीण होते ते वाचू शकले नाहीत. आगीचा आकार आणि तिची घातकता ही दोन वेगवेगळी मापे आहेत, हे या घटनेवरून ध्यानात यावे.

१. उपनगरांचे वाढते वय आणि वाढती उंची

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांत साठ-सत्तरच्या दशकांत गृहनिर्माण संस्था स्थापन करणारी पिढी आज सत्तरी-ऐंशीत आहे. मुले परगावी किंवा परदेशी गेली, आणि अनेक घरांत आजी-आजोबा, सोबतीला एखादी मावशी, एवढीच माणसे उरली. तीन-चार मजली, लिफ्ट नसलेल्या त्या जुन्या इमारतींचा आता झपाट्याने पुनर्विकास होत आहे. ज्या आजोबांनी चाळीस वर्षे दुसऱ्या मजल्यावर काढली, ते वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी सोळाव्या मजल्यावर राहावयास जातात. लिफ्ट असल्यामुळे रोजचे जीवन सुखाचे होते, यात शंका नाही. पण आग लागल्यावर लिफ्ट वापरू नये, हा पहिला नियम आहे. म्हणजे ज्या सोयीच्या भरवशावर वृद्ध माणूस उंच गेला, तीच सोय नेमकी संकटाच्या वेळी काढून घेतली जाते. त्यांच्या आणि जमिनीच्या मध्ये मग बत्तीस जिने उरतात, आणि तेही अनेकदा धुराने भरलेले.

६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे गोरेगाव पश्चिमेच्या जय भवानी या पुनर्वसन इमारतीत तळमजल्यावरील वाहनतळात आग लागली. तेथे वाहनांबरोबर कापडाचे गठ्ठेही होते. झोपेतल्या रहिवाशांपर्यंत धूर पोहोचला. किमान सात जणांचा मृत्यू झाला व चाळीसहून अधिक लोक जखमी झाले. वरच्या मजल्यावर राहणाऱ्याचा जीव तळमजल्यावर काय साठवले आहे यावर अवलंबून असतो, हा त्या पहाटेचा धडा आहे.

२. वृद्ध शरीर आणि धूर

आगीत बहुतेक माणसे ज्वाळांपेक्षा धुराने दगावतात. धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनशी प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक ओढीने जखडला जातो. त्यास रंग नाही, वास नाही. तरुण, निरोगी माणसाला ज्या प्रमाणात केवळ डोकेदुखी होईल, त्याच प्रमाणात हृदयविकार किंवा जुनाट श्वासविकार असलेला वृद्ध बेशुद्ध होऊ शकतो. त्यातच वयानुसार घ्राणशक्ती मंदावते. काहीतरी जळत असल्याचा वास घरातील इतरांना येतो, पण आजोबांना येत नाही.

ऐकण्याचेही तसेच आहे. वार्धक्यात आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक धूरसूचक यंत्रांचा कर्कश आवाज सुमारे ३००० हर्ट्झच्या पट्टीत असतो. गाढ झोपेतील वृद्धांना तो अनेकदा जागे करू शकत नाही, आणि झोपेची गोळी घेतली असेल तर मुळीच नाही. सुमारे ५२० हर्ट्झचा जाड, खालच्या पट्टीतील आवाज याबाबतीत अधिक परिणामकारक ठरतो, असे अभ्यासांत दिसून आले आहे. यंत्र बसविले म्हणजे काम झाले असे नव्हे. ते ज्याच्यासाठी बसविले त्याला ऐकू येते का, हे पाहिले पाहिजे.

भाजण्याबाबत आमच्या क्षेत्रात एक जुने ढोबळ गणित आहे. रुग्णाचे वय आणि भाजलेल्या त्वचेची टक्केवारी यांची बेरीज जितकी शंभराच्या जवळ, तितका धोका मोठा. पंचवीस वर्षांच्या तरुणाची वीस टक्के त्वचा भाजली तर बेरीज पंचेचाळीस होते. पंच्याहत्तर वर्षांच्या आजींची तेवढीच भाजली तर पंच्याण्णव. उपचार सुधारल्यामुळे हे गणित आज पूर्वीइतके कठोर राहिलेले नाही, पण त्यातील मर्म खरे आहे. वृद्धांच्या बाबतीत उपचारापेक्षा प्रतिबंधावरच भिस्त ठेवावी लागते.

आणखी एक गोष्ट. धूर वर चढतो, म्हणून जमिनीलगत वाकून किंवा रांगत बाहेर पडावे, असे सर्वत्र शिकविले जाते. सल्ला योग्य आहे. पण ज्यांच्या दोन्ही गुडघ्यांचे रोपण झाले आहे त्यांनी रांगायचे कसे? अग्निसुरक्षेचे बहुतेक पाठ धडधाकट माणूस डोळ्यांसमोर ठेवून लिहिले गेले आहेत. ज्यांस ते लागू पडत नाहीत, त्यांच्यासाठी इमारतीनेच काही काम केले पाहिजे.

३. कायदा काय सांगतो

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा डिसेंबर २००८ पासून अमलात आहे. या कायद्याने इमारतीतील अग्निसुरक्षा साधने सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावर वा भोगवटादारावर, म्हणजे आपल्या बाबतीत गृहनिर्माण संस्थेवर टाकली आहे. परवानाधारक अभिकरणाकडून साधनांची तपासणी करून घेऊन, दरवर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत ‘नमुना ब’ मधील प्रमाणपत्र सादर करावयाचे असते. हे प्रमाणपत्र पाहण्याचा आग्रह किती सभासद धरतात, याचा ज्याने त्याने विचार करावा.

राष्ट्रीय बांधकाम संहिता, २०१६ मध्ये इमारतींचे वापरानुसार गट पाडले आहेत. सदनिकांच्या इमारती निवासी गटात, ‘ए-४’ या उपगटात येतात. वृद्ध व दुर्बल व्यक्तींसाठी चालविले जाणारे आश्रम मात्र रुग्णालयांसमवेत संस्थात्मक गटात, ‘सी-२’ या उपगटात येतात. तेथील रहिवासी स्वतःहून बाहेर पडू शकणार नाहीत हे गृहीत धरले असल्याने त्यांच्यासाठी अपेक्षा अधिक कडक आहेत. येथेच एक मोठी फट राहते. घाटकोपरमधील एखाद्या इमारतीत निम्मे रहिवासी सत्तरीपुढचे असले, तरी संहितेच्या लेखी ती ‘ए-४’ च राहते. कागदावर ते निवासी संकुल असते आणि प्रत्यक्षात वृद्धाश्रम. केंद्रीय गृहनिर्माण मंत्रालयाने २०१९ मध्ये निवृत्तांच्या निवासांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. परंतु आपल्याकडील बहुसंख्य ज्येष्ठ अशा खास संकुलांत नव्हे, तर साध्या सोसायट्यांतच राहतात.

उंच इमारतींत ठरावीक मजल्यांनंतर मोकळी ठेवलेली ‘रेफ्युज एरिया’ ही मोलाची सोय आहे. पण दोन रेफ्युज एरियांमध्ये सहसा सात मजल्यांचे अंतर असते. त्यांच्या मधल्या मजल्यावरील काठी घेऊन चालणाऱ्या आजींना तेथे पोहोचण्यासाठी चार-पाच मजले उतरावेच लागतात. शिवाय ती जागा कुलूपबंद असेल, किंवा तेथे जुने फर्निचर साठवले असेल, तर असून नसल्यासारखीच.

४. परदेशातील दोन धडे

३१ जानेवारी २००४ रोजी पहाटे स्कॉटलंडमधील रोझपार्क या वृद्धसेवागृहात चौदा वृद्धांचा मृत्यू झाला. आगीचा उगम एका कपाटात होता, जेथे विजेचा वितरण फलक बसविलेला होता. अनेक खोल्यांची दारे उघडी होती. धूर लांब मार्गिकेतून सहज फिरला आणि उघड्या दारांतून झोपलेल्या माणसांपर्यंत पोहोचला. घंटा वाजल्यावर कर्मचारी आधी आग कोठे आहे ते शोधू लागले, त्यामुळे अग्निशामक दलास कळविण्यास विलंब झाला. वीजजोडणी, उघडी दारे आणि उशिरा केलेला दूरध्वनी यांपैकी एकही गोष्ट आपल्याकडे अनोळखी नाही.

दुसरी घटना कॅनडातील क्यूबेक प्रांतातल्या लील-व्हर्त या गावची. २३ जानेवारी २०१४ च्या रात्री तेथील ज्येष्ठांच्या निवासाला आग लागून बत्तीस जण मृत्युमुखी पडले. इमारतीच्या जुन्या भागात पाण्याचे स्वयंचलित फवारे, म्हणजे स्प्रिंकलर नव्हते. नंतर बांधलेल्या भागात होते, आणि दोहोंच्या मध्ये अग्निरोधक भिंत होती. जुना भाग भस्मसात झाला. नवा भाग उभा राहिला. एकाच छत्राखाली, एकाच रात्री, एकाच वयाच्या माणसांचे भवितव्य एका भिंतीने आणि फवाऱ्यांच्या नळांनी वेगळे केले. रचनेचे महत्त्व याहून स्पष्टपणे कोण सांगू शकेल?

५. रुग्णालयाची रीत

रुग्णालयांनीही हे धडे फार मोठी किंमत मोजून घेतले आहेत. कोलकात्यातील आम्री रुग्णालयात ९ डिसेंबर २०११ रोजी तळघरातून उठलेला धूर वरच्या मजल्यांवर पोहोचला आणि नव्वदच्या आसपास माणसे गेली. आपल्या उपनगरांत मरोळच्या कामगार रुग्णालयात १७ डिसेंबर २०१८ रोजी, आणि भांडुपच्या ड्रीम्स मॉलमधील रुग्णालयात मार्च २०२१ मध्ये आग लागून रुग्ण दगावले. भांडुपला आगीची सुरुवात मॉलच्या खालच्या मजल्यावर झाली होती, आणि रुग्णालय वर होते. ही आमच्याच क्षेत्रातील उणीव आहे, हे मान्य करूनच आम्ही पुढील विचार मांडत आहोत.

खाटेवरच्या रुग्णांना जिन्याने खाली नेणे सहसा शक्य नसते. म्हणून रुग्णालयाच्या रचनेत एक तत्त्व पाळले जाते : रुग्णाला प्रथम खाली न्यायचे नाही, आडवे न्यायचे. प्रत्येक मजल्याचे अग्निरोधक भिंतीने व आपोआप मिटणाऱ्या दारांनी दोन किंवा अधिक भाग पाडलेले असतात. एका भागात आग लागली की रुग्णांना त्याच मजल्यावरील दुसऱ्या भागात सरकवायचे आणि मधले दार मिटायचे. त्या दाराने मिळालेल्या वेळात अग्निशामक दल पोहोचते, आणि पुढचे स्थलांतर शांतपणे करता येते.

ज्येष्ठांच्या घरांना हेच तत्त्व लागू करावे, असे आम्हांस आग्रहाने सुचवावेसे वाटते. जो जिना उतरू शकत नाही, त्याला थांबण्याची सुरक्षित जागा त्याच्याच मजल्यावर मिळाली पाहिजे.

६. पुनर्विकासाच्या वेळी काय मागावे

पुनर्विकासाच्या सभांत वाढीव क्षेत्रफळ, वाहनतळ, भाडे, कॉर्पस फंड यांवर तासन्‌तास चर्चा होते. ती व्हावीच. पण नकाशे मंजूर होण्यापूर्वीच्या त्या काही महिन्यांत पुढील गोष्टी मागितल्या, तर त्या तुलनेने अल्प खर्चात मिळतात. इमारत उभी राहिल्यावर त्यांतील बऱ्याच गोष्टी कितीही पैसे ओतून मिळत नाहीत.

पहिली, जिन्याला मिटलेले दार. जिना धुरापासून वेगळा, हवेशीर आणि स्वतःच्या बळाने मिटणाऱ्या अग्निरोधक दाराच्या आड असावा. त्या दाराच्या आत खुर्चीवरील एका व्यक्तीला, जिन्याची वाट न अडवता, थांबता येईल एवढी जागा प्रत्येक मजल्यावर असावी.

दुसरी, विजेच्या आणि नळांच्या उभ्या मार्गांचे, म्हणजे डक्टचे, प्रत्येक मजल्यावर अग्निरोधक साहित्याने बंदिस्तीकरण. हे केले नाही तर डक्ट म्हणजे इमारतीच्या मधोमध उभे केलेले धुराडेच. मीटरची खोली जिन्याखाली कदापि नसावी.

तिसरी, सदनिकेच्या आतील मांडणी. आपल्याकडील अनेक घरांत शयनगृहातून मुख्य दाराकडे येण्याची वाट स्वयंपाकघरासमोरूनच जाते. आग स्वयंपाकघरात लागली, तर आतला माणूस अडकतो. ज्येष्ठांची खोली मुख्य दाराजवळ असावी, आणि तिला घट्ट मिटणारे भरीव दार असावे. स्नानगृहाची कडी बाहेरूनही उघडता यावी. उंबरठे नसावेत. उतार असेल तर तो १:१२ पेक्षा अधिक चढा नसावा.

चौथी, स्प्रिंकलर आणि खालच्या पट्टीतील आवाजाचे धूरसूचक यंत्र, किमान ज्येष्ठांच्या खोल्यांत व वाहनतळात. वाहनतळात विजेवरील दुचाकी भारित करण्याची जागा जिन्यापासून व लिफ्टपासून दूर असावी.

पाचवी, सदनिकांचे वाटप. सोडत काढण्यापूर्वी ज्या सभासदांना जिना उतरणे शक्य नाही त्यांस खालचे मजले देण्याचा ठराव सर्वसाधारण सभेला करता येतो. वरच्या मजल्याची हवा आणि उजेड सर्वांनाच हवा असतो, हे खरे. निर्णय ज्याचा त्याने घ्यावा. पण तो सर्व बाजू समजून घेऊन घ्यावा.

सहावी, बंबाची वाट. मुंबई अग्निशामक दलाकडे ९० मीटर उंचीपर्यंत पोहोचणारी शिडी आहे. परंतु गल्लीत दुतर्फा गाड्या उभ्या असतील आणि आवाराच्या मोकळ्या जागेवर मंडप किंवा शेड असेल, तर ती शिडी रस्त्याच्या टोकाशीच थांबते.

७. आजच्या राहत्या घरात

पुनर्विकास होईल तेव्हा होईल. आग तोवर थांबत नाही. पुढील गोष्टी याच आठवड्यात करता येतील.

रात्री झोपताना स्वयंपाकघराचे व शयनगृहाचे दार ओढून घ्यावे. साधे लाकडी दारही धूर काही काळ अडवून धरते, आणि ती काही मिनिटेच निर्णायक असतात. आजोबांना हाक ऐकू यावी म्हणून दार उघडे ठेवावेसे वाटते. त्यासाठी उशाशी घंटी किंवा मोबाइल द्यावा.

चोरांच्या भयाने मुख्य दाराला आणि जाळीच्या दाराला आपण दोन-तीन कुलपे लावतो. त्यांच्या किल्ल्या दाराजवळ एका ठरलेल्या खिळ्यावर असाव्यात, आणि ती जागा मावशींनाही ठाऊक असावी. खिडकीच्या लोखंडी ग्रिलला आतून उघडणारी एक झडप करून घ्यावी. जिन्यातील चपलांची कपाटे, जुन्या गाद्या, कुंड्या आणि सायकली हलवाव्यात. शेजाऱ्यांशी वाद नको म्हणून आपण गप्प बसतो, पण ती अडगळ सर्वांच्याच वाटेत आहे.

देवघरातील समई व निरांजन पडद्यापासून दूर, स्थिर आसनावर असावे, आणि पूजा झाल्यावर ते पेटते ठेवून झोपू नये. घरी प्राणवायूचे यंत्र असेल, तर त्यापासून किमान दहा फुटांपर्यंत ज्योत, उदबत्ती, डास पळविणारी जळती कॉइल वा विडी-सिगारेट नसावी. प्राणवायू स्वतः जळत नाही, पण त्याने भारलेली चादर किंवा नऊवारीचा पदर ठिणगीसरशी पेट घेतो. अंगाला लावण्याच्या चिकट मलमांचे डाग कपड्यांवर वारंवार पडत असतील, तर ते कपडेही लवकर पेटतात. ते नियमित धुवावेत. वातानुकूलन यंत्र, गीझर आणि हवेच्या गादीचा पंप एकाच एक्स्टेंशन बोर्डावर चालवू नये. जुने वायरिंग जाणकाराकडून तपासून घ्यावे आणि गळती होताच वीज तोडणारे उपकरण बसवून घ्यावे.

आग आपल्या घरात असेल तर घर सोडावे, निघताना मागचे दार ओढून घ्यावे आणि १०१ किंवा ११२ वर दूरध्वनी करावा. आधी दूरध्वनी, मग शोधाशोध. आग दुसरीकडे असेल आणि जिना धुराने भरला असेल, तर वृद्ध व्यक्तीने जिन्यात शिरू नये. घराचे दार लावून फटीत ओले कापड दाबावे, धूर नसलेल्या बाजूच्या खिडकीशी बसावे, आणि दूरध्वनीवर इमारत, मजला व खोली स्पष्ट सांगावी.

सोसायटीच्या कार्यालयात एक साधी यादी असावी : कोणत्या मजल्यावर, कोणत्या खोलीत, कोण चालू शकत नाही, कोणाला ऐकू येत नाही, कोणाकडे प्राणवायूचे यंत्र आहे. प्रत्येक नावापुढे त्याच मजल्यावरील दोन शेजाऱ्यांची नावे असावीत. बंब आल्यावर पहारेकऱ्याने ती यादी जवानांच्या हाती द्यावी. याला फार तर एक वही लागते.

समारोप

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाचा स्फोट झाला. त्या आगीशी झुंजताना मुंबई अग्निशामक दलाचे सहासष्ट जवान धारातीर्थी पडले. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह देशभर पाळला जातो. या सप्ताहात प्रत्येक गृहनिर्माण संस्थेने एक सराव करावा, आणि तो धडधाकट तरुणांसाठी नव्हे, तर इमारतीतील सर्वांत वृद्ध रहिवाशासाठी करावा, असे आम्हांस सुचवावेसे वाटते. त्या आजींना खुर्चीसह किंवा जाड चादरीवरून सुरक्षित जागी न्यायला किती वेळ लागला, ते घड्याळ लावून पाहावे. जो आकडा येईल, तोच आपल्या इमारतीच्या सुरक्षिततेचा खरा दाखला. जिना किती रुंद आहे, दार मिटते की नाही, वाटेत कोणाची सायकल आहे, या सर्व प्रश्नांची उत्तरे त्या काही मिनिटांत आपोआप मिळतील.

आम्ही रुग्णाला पायांवर उभे करून घरी पाठवतो. ते घर त्याला सांभाळील, याची काळजी आपण सर्वांनी मिळून घ्यावी, एवढीच विनंती.